गोदाकाठचं अबचलनगर

पुण्या-मुंबईकडचा मराठी माणूस नांदेडला जातो तो बहुतेक कामानं. कुणाची बदली झालेली असते, कुणाची परीक्षा असते, कुणाच्या घरचं लग्न असतं. निव्वळ शहर बघायचं म्हणून नांदेडचं तिकीट काढणारे आपल्यात थोडे. तिकडे अमृतसरहून सचखंड एक्सप्रेस दोन हजार किलोमीटरहून अधिक अंतर कापत इथं येते आणि भरून येते. पंजाबातल्या शेतकऱ्याला, दिल्लीतल्या दुकानदाराला, कॅनडात ट्रक चालवणाऱ्या त्याच्या पुतण्याला आयुष्यात एकदा तरी जिथं माथा टेकायचा असतो, ते ठाणं आपल्या राज्यात, आपल्या गोदावरीच्या काठी आहे. मी सातारकडचा. दसरा नुकताच होऊन गेला होता, तेव्हा या शहरात पहिल्यांदा पाऊल टाकलं.

पनवेल–नांदेड गाडी पुणे सोडते, कुर्डुवाडीला सोलापूरची वाट सोडून वळते आणि बार्शी, धाराशिव, लातूर करत मराठवाड्यात शिरते. हा मूळचा बार्शी लाईट रेल्वेचा मार्ग. मिरजेहून लातूरपर्यंत इथं एकेकाळी अरुंद रुळांवरची छोटी गाडी धावायची. २०१६च्या दुष्काळात मिरजेचं पाणी भरून निघालेल्या वाघिणी याच वाटेनं लातूरला पोचल्या. लातूर अंधारातच मागे पडलं. परळीच्या पुढे उजाडलं आणि खिडकीबाहेर काळीभोर रानं दिसायला लागली. सोयाबीनची काढणी चालू होती. कुठं गंजी लावलेल्या, कुठं मळणीयंत्राचा धुरळा, आणि मधल्या पट्ट्यांत कमरेएवढी तूर. परभणीला चढलेल्या एका आजींनी गाठोडं बाकाखाली सारत विचारलं, "कुठं जायलास रं बाबा?" नांदेड बघायला, म्हटल्यावर त्यांनी सगळा बेतच आखून दिला, "मग आधी गुरुद्वारा कर. लंगरात जेव. मग घाटावर जा. तिथून उपाशी कुणी येत न्हाई बघ."

स्टेशनवरच्या पाटीवर नुसतं नांदेड नाही, 'हजूर साहिब नांदेड' लिहिलंय. फलाटावर निळ्या नि केशरी पगड्या, कमरेला कृपाण लावलेले निहंग, धोतर-टोपीतले म्हातारे, बुरख्यातल्या बायका, पाठीवर दप्तरं अडकवून शिकवणीला निघालेली पोरं. बाहेर रिक्षावाल्यानं "गुरुद्वारा का, मामा?" म्हणत माझी पिशवी उचलली. त्याच रिक्षात लुधियानाचं एक कुटुंब होतं. त्यांच्याशी तो हिंदीत बोलत होता, माझ्याशी मराठीत, आणि मध्येच फोन आला तेव्हा घरच्यांशी अस्सल दखनीत. एका बोलीतून दुसरीत जाताना त्याची जीभ कुठं अडखळत नव्हती. या गावात हे सगळ्यांनाच येतं, हे पुढं हिंडताना कळत गेलं.

रस्ते रुंद आहेत. २००८ साली गुरुता गद्दीची ३०० वर्षं साजरी झाली, तेव्हा शहराचा चेहरामोहरा बदलला. रस्ते रुंदावले, पूल झाले, यात्री निवास उभे राहिले, विमानतळ सुधारला. त्या रुंद रस्त्यावरून वळण घेतलं आणि सचखंडचे पांढरे घुमट नि सोन्यानं मढवलेला कळस समोर आला. जोडे जमा केले, पाय धुतले, डोक्याला रुमाल बांधला आणि संगमरवरावरून आत गेलो.

शीख धर्माच्या पाच तख्तांपैकी हे एक. तख्त सचखंड श्री हजूर अबचलनगर साहिब. आतल्या गाभाऱ्याला अंगीठा साहिब म्हणतात, कारण गुरू गोविंदसिंगांवर अंत्यसंस्कार झाले ते याच जागी. आजची मूळ वास्तू महाराजा रणजितसिंगांच्या काळातली, १८३२ ते १८३७ या वर्षांत बांधलेली. तेव्हा नांदेड निजामाच्या राज्यात होतं. लाहोरच्या राजानं हैदराबादच्या मुलखात हे काम करवून घेतलं.

संध्याकाळच्या आरतीला मी मागच्या बाजूला उभा होतो. इतर बहुतेक गुरुद्वाऱ्यांत आरती गायली जाते, पण दिवे ओवाळले जात नाहीत. इथं ओवाळतात. नगारा वाजत होता, शंख वाजत होते, ज्योती फिरत होत्या, आणि आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या देवळात उभं राहिल्यावर जसं आपोआप हात जोडले जातात, तसे माझे जोडले गेले. मग शस्त्रदर्शन झालं. गुरूंची म्हणून जपलेली शस्त्रं सेवेकरी एकेक करून हातात घेतात, संगतीला दाखवतात. तलवारी, ढाल, धनुष्य, बाण. माझ्या शेजारी उभे असलेले एक उंच, पांढऱ्या दाढीचे सरदारजी प्रत्येक शस्त्र वर झालं की डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होते. गालांवरून पाणी ओघळून दाढीत मुरत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं. रोज पहाटे गोदावरीचं पाणी घागरीत भरून तख्ताच्या सेवेला आणतात. दिवाळीच्या सुमाराला तख्तस्नान होतं, तेव्हा तर संगतच्या संगत नदीवर जाऊन घागरी भरून आणते. आपल्या गोदेच्या पाण्याशिवाय या तख्ताचा दिवस सुरू होत नाही.

गुरू गोविंदसिंग इथवर आले कसे, हा प्रश्न कुठल्याही मराठी माणसाला पडावा, कारण उत्तरात आपलाही इतिहास आहे. १७०७ साली अहमदनगरला औरंगजेब मेला. त्याच्या मुलांत गादीसाठी लढाया झाल्या. बहादूरशहा बादशहा झाला आणि धाकटा भाऊ कामबक्ष याच्यावर चालून दक्षिणेत निघाला. त्याच्या लष्कराबरोबर गुरू १७०८ मध्ये नांदेडला पोचले आणि बादशहा पुढं गेला तरी इथंच राहिले. पठाण मारेकऱ्यानं त्यांच्यावर खंजिराचा वार केला. जखम शिवली, भरत आली, पुन्हा उसवली. ऑक्टोबर १७०८ मध्ये त्यांनी देह ठेवला. त्याआधी त्यांनी सांगितलं, की यापुढं देहधारी गुरू नाही, ग्रंथ हाच गुरू. नऊ गुरूंच्या मागून आलेल्या दहाव्यानं गादी कुणा माणसाला न देता शब्दाला दिली, आणि हे घडलं ते आपल्या नदीच्या काठावर.

साताऱ्याच्या माणसाला १७०८ हे साल पाठ असतं. त्या वर्षीच्या जानेवारीत औरंगजेबाच्या कैदेतून सुटून आलेल्या शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्याला झाला. एकाच बादशहाच्या मृत्यूनं मोकळ्या झालेल्या त्या एकाच वर्षात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी मराठी राज्याची घडी नव्यानं बसत होती आणि इथं गोदाकाठी एका पंथाला त्याचा कायमचा गुरू मिळत होता. शाळेत हे दोन धडे वेगवेगळ्या पुस्तकांत होते. ते एकाच पानावरचे आहेत, हे मला नांदेडला येऊन उमजलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजींच्या सांगण्याप्रमाणं लंगर साहिबला गेलो. हा तख्तापासून वेगळा, नदीच्या बाजूला असलेला गुरुद्वारा. त्याची घडी बसवली बाबा निधानसिंग यांनी. सांगतात, की ते सेवा आटोपून पंजाबला परतायला निघाले होते आणि स्टेशनावरच त्यांना गुरूंचा आदेश झाला, इथंच राहा आणि लंगर चालव. ते परत फिरले. तेव्हापासून इथली चूल विझलेली नाही. रात्री-अपरात्री कोणत्याही गाडीनं उतरलेल्या माणसाला इथं जेवण मिळतं.

आत एका बाजूला बायका ओळीनं बसून पोळ्या लाटत होत्या. दुसऱ्या बाजूला शेकोटीएवढ्या रुंद तव्यांवर त्या भाजल्या जात होत्या. एक तरुण लांब दांड्याच्या उलथन्यानं एका फटक्यात आठ-दहा पोळ्या उलटायचा. वरण ढवळायला माणसाच्या उंचीची पळी होती. पंगतीत माझ्या एका हाताला बुलेटवरून आलेले दोन पंजाबी तरुण, दुसऱ्या हाताला किनवटकडून दवाखान्याच्या कामासाठी आलेलं एक शेतकरी जोडपं. वाढपी "परशादा, वाहेगुरू" म्हणत पुढं आला. पोळी ताटात टाकत नाहीत. आपण दोन्ही हात पुढं करायचे, मग ती ओंजळीत मिळते. शेजारच्या बाईनं ती आधी कपाळाला लावली आणि मग ताटात ठेवली. आपल्या घरी अन्नाला करतात तसा नमस्कार तिनं केला होता. तो इथलाच रिवाज असल्यासारखा कुणाला वेगळा वाटला नाही.

जेवण झाल्यावर मीही लाटणाऱ्यांच्या जवळ जाऊन बसलो. पीठ मळून देणाऱ्या एका पोक्त बाईंनी माझ्याकडं गोळे करायचं काम सरकवलं. पंजाबी सलवार-कमीज, हातात कडं, आणि तोंडात खास इथली मराठी. "लहान करा की भाऊ, एवढा मोठा गोळा कोण खातंय." तुम्ही मूळच्या पंजाबच्या का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "आमच्या घरचे कितीतरी पिढ्यांपासून इथलेच. पंजाब मी एकदाच पाहिला, दरबार साहिबच्या दर्शनाला गेलते तवा."

हे दखनी शीख. १८३२ साली निजामाचा दिवाण चंदूलाल याच्या मागणीवरून रणजितसिंगांनी हैदराबादला शीख फौज धाडली. लोक तिला लाहोरी फौज म्हणत. त्यातले पुष्कळजण परत गेलेच नाहीत. हैदराबाद, नांदेड आणि आजूबाजूला त्यांची घरं झाली. शेती झाली, सोयरिकी झाल्या. आज नांदेडच्या बाजारात हार्डवेअरच्या दुकानात, शाळेच्या स्टाफरूममध्ये, तहसीलच्या रांगेत ही माणसं आपल्याशी आपल्याच बोलीत बोलतात. दसऱ्याला आणि होळीला हल्ला महल्ला निघतो, घोडे नि निशाणं घेऊन जयघोष करत जथे धावतात, तेव्हा दोन्ही बाजूंच्या गच्च्यांवर सगळं गाव उभं असतं. मी पोचलो तेव्हा दसऱ्याचा हल्ला होऊन गेला होता, तरी रस्त्यावर, दुकानात, चहाच्या टपरीवर चर्चा त्याचीच होती.

दुपार उतरल्यावर घाटांवर गेलो. नगीना घाट, बंदा घाट, हिरा घाट. बहादूरशहानं भेट दिलेला मौल्यवान हिरा गुरूंनी सरळ नदीत टाकला, अशी हिरा घाटाची कथा आहे. पावसाळा चांगला झाल्यानं पात्र भरलेलं होतं. वर विष्णुपुरीला बंधारा आहे. शंकरराव चव्हाणांच्या नावानं ओळखला जाणारा हा मोठा उपसा सिंचन प्रकल्प. नांदेडचं पाणी नि भोवतालची रानं त्याच्या भरवशावर आहेत.

बंदा घाटावर मी बराच वेळ बसलो. इथं माधोदास नावाच्या बैराग्याचा मठ होता. गुरू आले, भेट झाली, आणि बैरागी त्यांचा बंदा झाला. गुरूंनी त्याला आपल्या भात्यातले पाच बाण, नगारा आणि निशाण देऊन पंजाबला पाठवलं. १७१०च्या मे महिन्यात बंदासिंग बहादूरनं सरहिंदच्या फौजदाराला, वजीरखानाला लढाईत मारलं. गुरूंच्या दोन लहान मुलांना भिंतीत चिणायला लावणारा तो हाच. जमीनदारांच्या जाचाखालच्या कुळांना बंदानं जमिनीचे मालक केलं. १७१६ साली दिल्लीत हालहाल करून त्याला मारण्यात आलं. पंजाब उलटापालटा करणारी ही मोहीम सुरू झाली ती या पायऱ्यांवरून. आज त्या पायऱ्यांवर बायका धुणं धुतात, पुरोहित दशक्रिया करतात, पलीकडं पोरं डुंबतात. दक्षिणेकडचे म्हणून पिंड देणारे आणि उत्तरेकडचे म्हणून डुबकी मारणारे एकाच पाण्यात उतरलेले असतात.

नदी पुढं नंदगिरीच्या किल्ल्याला तीन बाजूंनी वेढा घालते. किल्ल्याची पडझड झालीय, पण बुरुजावर उभं राहिलं की नदीचं वळण आणि जुनं गाव दोन्ही नजरेत येतात. वाशीमला सापडलेल्या वाकाटकांच्या ताम्रपटात 'नंदिकट' असा उल्लेख आहे, आणि अभ्यासक ते नांदेड मानतात. म्हणजे हे गाव सोळाशे वर्षांपूर्वीच्या कागदपत्रांत आहे. मी होळी, गाडीपुरा, इतवारा या वस्त्यांतून पायी फिरलो. लाकडी खांबांचे वाडे, मधूनच एखादी नक्षीची चौकट, तिच्या शेजारी मोबाइलचं दुकान. एका हॉटेलात सकाळी सुशीला खाल्ला. भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा, वरून कोथिंबीर नि शेंगदाणे घातलेला तिखट नाश्ता, मराठवाड्याचा खास.

निजामी राजवटीच्या खुणाही सगळीकडं आहेत. उस्मानशाही मिल हे नाव म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून आहे. गावरानी कापसासाठी नांदेड नावाजलेलं होतं, आणि 'नांदेड ४४' हे कपाशीचं संकरित वाण इथल्याच कापूस संशोधन केंद्रानं १९८४ साली दिलं. मिलचा भोंगा बंद झाला, कामगारांच्या पोरांनी दुसरे उद्योग धरले. १७ सप्टेंबर १९४८ला हैदराबाद संस्थान मुक्त झालं. त्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांनी पुढं १९५०मध्ये इथं पीपल्स कॉलेज उभं केलं. नरहर कुरुंदकर तिथं शिकवायचे, पुढं प्राचार्य झाले. धर्म, इतिहास, राजकारण, संगीत यावर त्यांनी सगळ्या महाराष्ट्राला विचार करायला लावलं. पंजाबी, दखनी, मराठी, तेलुगू इतक्या हवा ज्या गावातून वाहतात, तिथल्या माणसाला कुठलीच गोष्ट एका बाजूनं बघवत नसावी, असं मला कॉलेजच्या आवारात उभं राहून वाटलं.

एक दिवस एसटीनं कंधारला जाऊन आलो. मन्याड नदीच्या काठचं हे गाव राष्ट्रकूटांचं. हे राजे स्वतःला लट्टलूरपुरवराधीश्वर म्हणवत. लट्टलूर म्हणजे आपलं लातूर. लातूरचं नाव लावणाऱ्या या घराण्यानं वेरुळचं कैलास लेणं खोदवलं आणि कनोजपर्यंत धडक मारली. कंधारला तिसऱ्या कृष्णाचा ठसा आहे. किल्ल्याभोवती पाण्याचा खंदक, गावाजवळ जगत्तुंग समुद्र नावाचा जुना तलाव, आणि क्षेत्रपालाच्या महाकाय मूर्तीचे अवशेष. त्यातल्या दगडी पावलाशेजारी मी माझं पाऊल ठेवून पाहिलं. माझं त्याच्या एका बोटाएवढंही भरलं नाही. मूर्ती अख्खी होती तेव्हा ती किती उंच असेल, आणि असलं काही घडवावंसं वाटणाऱ्या माणसांची उमेद केवढी असेल! किल्ला पाहायला त्या दिवशी शाळेची एक सहल आणि मी, एवढेच होतो.

परतल्यावर शेवटच्या संध्याकाळी पुन्हा सचखंडला गेलो. कीर्तन चालू होतं. शब्द पंजाबी वळणाचे, चाल अनोळखी, आणि अचानक ओळीच्या शेवटी नाममुद्रा कानावर पडली. नामा. आमचा नामदेव. शेजाऱ्याला खात्री करून घ्यायला विचारलं, तर तो अभिमानानं म्हणाला, "जी, भगत नामदेवजी की बाणी है." गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत, हे वाचून ठाऊक होतं. पण जिथं त्या ग्रंथाला गुरुपद मिळालं, तिथं बसून ते नाव ऐकताना अंगावर काटा आला. नामदेवांचं जन्मगाव म्हणून परंपरा सांगते ते नर्सी हिंगोली जिल्ह्यात आहे, इथून सुमारे १०० किलोमीटरवर. तिथला शिंप्याचा मुलगा पंढरपूरचा झाला, ज्ञानदेवांबरोबर तीर्थयात्रा केली, पुढं पंजाबात घुमानला जाऊन राहिला. १६०४ साली गुरू अर्जनदेवांनी ग्रंथ सिद्ध केला तेव्हा त्याचे शब्द त्यात सन्मानानं घेतले. आणि १७०८ मध्ये तोच ग्रंथ गुरू झाला तो नर्सीच्या शेजारी, गोदेकाठी. मराठवाड्यातून निघालेला शब्द चारशे वर्षांनी गुरू होऊन मराठवाड्यात परतला.

त्यामुळं नांदेड हे 'शिखांचं तीर्थ' असं म्हणून आपण बाजूला ठेवतो, ते मला पटेनासं झालं. ते शिखांचं आहेच. त्यांनी तीनशे वर्षं त्याची निगा राखली, चूल पेटती ठेवली, पाणी आणलं. पण तिथं ज्या शब्दापुढं ते माथा टेकतात, त्यात आपल्या घरचेही बोल आहेत. ज्या पायऱ्यांवरून त्यांचा बंदा लढायला निघाला, त्या आपल्या नदीच्या आहेत. आणि लंगरात पीठ मळणाऱ्या त्या बाई आपल्या गावच्या आहेत. २०१५ साली घुमानला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, तेव्हा महाराष्ट्रातून आगगाड्या भरभरून रसिक पंजाबात गेले होते. नामदेवांच्या ओढीनं एवढं लांब जाणारे आपण नांदेडलाही जायला हवं. नर्सीला नमस्कार करावा, सचखंडला कीर्तन ऐकावं, लंगरात दोन्ही हात पुढं करून पोळी घ्यावी, एक दिवस कंधारला द्यावा. पंजाबातून लोक दीड दिवसाचा प्रवास करून येतात. आपल्याला एक रात्र पुरते, आणि मुंबईहून गाडी रोज सुटते.